सावकाश जेवणारे

अमौसीस बदली होऊन आल्यापासून पंगतीत सर्वांत शेवटी उठणारे अशी आमची ख्याती झाली. घास लहान, चर्वण भरपूर आणि प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. आमच्याकडे बोट दाखवून लोक मुलांना शिस्त शिकवीत. लखनौचे गलावटी कबाब दात पडलेल्या एका नवाबासाठी निघाले, अशी आख्यायिका आहे. बत्तीस दात शाबूत असून आम्हांस तेच का मानवतात, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या घरी मटणाचा तुकडा छातीच्या मध्यावर अडला. श्वास चालू होता, बोलताही येत होते. परंतु पाणी तर राहोच, लाळही खाली उतरेना. कोणी केळे पुढे केले, कोणी पाठीत धपाटे घातले. घशात बोटे घालून उलटी काढण्याचा सल्ला आम्ही मानला नाही, तो केवळ भित्रेपणामुळे. ह्या रोगात अन्ननलिकेची भिंत ताठ व नाजूक होते आणि उलटीच्या जोराने फाटू शकते, हे पुढे कळले. मग अन्न छातीच्या पोकळीत उतरते आणि प्राणावर बेतते. हॉलंडचे वैद्य बुर्हाव ह्यांनी १७२४ साली अशा फाटण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रोगी, एक नौसेनापती, जेवणानंतर मुद्दाम ओकारी काढीत होता. तो दिवसभरात गेला.

रायबरेली मार्गावरील संजय गांधी संस्थेत दुर्बिणीने तुकडा निघाला. आत श्वासनलिकेसारखी वलये दिसली, आणि एके ठिकाणी बोटाएवढी नळीही पुढे जाईना. वर्षानुवर्षांच्या सुजेचे व्रण आकसून वाट अरुंद झाली होती. अस्तराच्या नमुन्यात इओसिनोफिल पेशी खच्चून भरल्या होत्या. निरोगी अन्ननलिकेत त्या सहसा नसतातच. हा स्वतंत्र रोग आहे, हे १९९३-९४ च्या सुमारास ओळखले गेले. आम्लपित्त समजून बारा वर्षे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांस दोष तरी कसा द्यावा? गिळण्यास त्रास होतो, असे आम्ही कधी बोललोच नव्हतो. सारे जग असेच जेवते, अशी आमची समजूत!

आता दम्याचे औषध आम्ही श्वासात न ओढता गिळतो. दूध आणि गहू बंद आहेत. अरुंद जागा दोनदा ताणून रुंद केली. दोन दिवस छाती दुखली.

हा रोग घराण्यात उतरू शकतो, असे डॉक्टर म्हणाले होते. परवा चिरंजीव भाताच्या प्रत्येक घासामागे पाणी पिताना दिसला. आजी कौतुकाने पाहत होती. आम्ही ताटावरून उठलो आणि रजेचा अर्ज लिहावयास बसलो.