प्रत दुसऱ्या घरी

मंगळवार, १ जुलै २०२५
कादंबरीचा दुसरा खर्डा काल पुरा झाला. कथानक वेळ पडली तर पुन्हा रचता येईल. त्यातली बोली मात्र पुन्हा मिळायची नाही. आत्याच्या तोंडची लेवा गणबोली मी तिच्याशेजारी बसून टिपून घेतली होती. आत्या आता नाही. म्हणून हा आठवडा केवळ प्रती करण्यासाठी राखून ठेवला आहे.

गुरुवार, ३ जुलै
सुरुवातीची प्रकरणं श्रीलिपीत टाइप केलेली. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल शाबूत, पण वाचता येत नाही. अशा प्रतीचा उपयोग काय? सगळं युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण ‘करणाऱ्या’ची ‘करणार्या’ होते, आणि बोलीतले शब्द तर कुठल्याच शब्दकोशात नाहीत. छापील पानं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहते आहे.

शुक्रवार, ४ जुलै
जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि गूगल ड्राइव्ह, एवढ्यात तो पाळला जातो. लाख शब्दांची कादंबरी साध्या मजकुरात सुमारे दोन एमबी भरते. जागेचा प्रश्नच नाही. पण ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधून एखादं प्रकरण उडालं, तर ते तिथूनही उडतं आणि कचरापेटीत तीसच दिवस राहतं. म्हणून दर आठवड्याला तारीख घालून वेगळी फाइल ठेवायची. जुनीवर नवी चढवायची नाही.

शनिवार, ५ जुलै
बहिणाबाईंचं माहेर आसोदा इथून जवळच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि नात्यातले पितांबर चौधरी उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. जे वहीत उतरलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं; जे कुणी टिपलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं.

महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत हरवली, तेव्हा अनुयायांनी ते आठवून पुन्हा लिहिलं. ग्रंथ वाचला, पण त्याचे पाठ अनेक झाले. त्यांच्याकडे पाठांतराची शिस्त होती. माझ्या कादंबरीतली आत्याची वाक्यं मलाही जशीच्या तशी पाठ नाहीत.

रविवार, ६ जुलै
आषाढी एकादशी. पिंप्राळ्याच्या रथासाठी धुळ्याहून भाची आली. गर्दीतून परतल्यावर तिला पेन ड्राइव्ह आणि खर्ड्याची छापील प्रत दिली. सोबत एक चिठ्ठी: कुठली फाइल कधीची, कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडते, माझ्यामागे ती कुणाकडे द्यायची. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं पडून राहिला तर भरवशाचा नसतो, म्हणून दर दिवाळीला तो बदलायचं ठरलं. “मावशी, कागद मी लोखंडी कपाटात ठेवते,” ती म्हणाली. पाऊसपाण्यात तेच बरं.

मंगळवार, ८ जुलै
आज भाचीने तिच्या संगणकावर फाइल उघडली आणि मधलंच एक पान मला फोनवरून वाचून दाखवलं. आत्याचा संवाद होता. एकही मात्रा हललेली नव्हती. तिच्या मुलीने मध्येच दोन शब्दांचा अर्थ विचारला, भाचीला तो सांगता आला. मजकूर टिकला म्हणायचं तो असा: माझ्याशिवाय, दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाला उघडून वाचता आला तर. आता तिसऱ्या खर्ड्याला हात घालते. त्याचीही पहिली प्रत धुळ्यालाच जाईल.