रविवारचे समंत्रक

दूरशिक्षणातून प्रौढांना शिकवणारे शिक्षक वेगळे तयार होऊन येत नाहीत. नेहमीच्या महाविद्यालयांतूनच ते घ्यावे लागतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली, राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झाले, तेव्हापासून हीच रीत आहे. छापील पुस्तके विद्यार्थ्याच्या घरी, अभ्यासकेंद्र जवळच्या महाविद्यालयात आणि संपर्कसत्र सुट्टीच्या दिवशी. नांदेडला विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे; लातूरची अभ्यासकेंद्रेही त्यालाच जोडलेली. आठवडाभर व्याख्याने देणारे प्राध्यापक रविवारी त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे समंत्रक म्हणून उभे राहतात. त्यामुळे प्रशिक्षणात नवे शिकवण्यापेक्षा जुनी सवय मोडण्यातच अधिक शक्ती खर्च होते.

लातूरकडे ही सवय जरा जास्तच पक्की असते. भाग लवकर संपवणे, उजळणी, चाचण्यांवर चाचण्या हा 'लातूर पॅटर्न' पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी फळला, त्याचा दबदबाही झाला. रविवारी मात्र समोर असतात आडतीवरचे मुनीम, अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक. त्यांच्याजवळ वेळ नसतो. अनुभव भरपूर असतो. प्रौढ माणूस स्वतःच्या अनुभवाला धरून शिकतो, हा माल्कम नोल्स या अमेरिकी अभ्यासकाचा मुद्दा प्रशिक्षणात हमखास सांगितला जातो. सगळे माना डोलावतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तासभर व्याख्यानच होते.

फरक पडतो तो समंत्रकांच्या हाती स्वाध्याय आणि लाल पेन दिल्यावर. लेखाकर्मातला नावे-जमेचा प्रश्न घ्यावा. उत्तरात नियम पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले, उदाहरणाची जागा कोरी. बहुतेक समंत्रक लिहितात, 'उत्तर अपूर्ण. पुस्तक पुन्हा वाचा.' ज्याने पुस्तकच उतरवून काढले त्याला हा शेरा निरुपयोगी आहे. मग उत्तर लिहिणारा लातूरच्या मोंढ्यात मुनीम आहे, एवढी माहिती देऊन शेरा पुन्हा लिहायला सांगावे. थोड्या खाडाखोडीनंतर असे काही उतरते: 'नियम बरोबर आहेत. आता तुमच्या दुकानातली एक पट्टी घ्या. हमालांना तुम्ही दिलेली हमाली शेतकऱ्याच्या खात्यात नावे टाकाल की जमा? का?' रोज पट्ट्या करणाऱ्याला याचे उत्तर पाठच असते. पुस्तकातला नियम तोच आहे, हे त्याला पहिल्यांदा दिसते. दूरशिक्षण म्हणजे मार्गदर्शक संवाद, असे बॉर्ये होल्मबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने मांडले. तो संवाद सर्वांत जास्त घडू शकतो स्वाध्यायाच्या समासात, आणि नेमका तिथेच कंजूषपणा होतो.

संपर्कसत्राची तयारी त्यामानाने सोपी. पहिली वीस मिनिटे समंत्रकाने काही सांगायचे नाही, शंका गोळा करायच्या. वयाने मोठा विद्यार्थी चारचौघांत शंका विचारायला संकोचतो, म्हणून चिठ्ठ्या लिहून घेणे बरे. 'अरे-तुरे' पूर्ण बंद. पिकल्या केसांच्या विद्यार्थ्याला 'मामा' म्हटले तर वर्ग सैलावतो, पण हजेरीच्या वेळी पूर्ण नावच घ्यावे.

भाषेचा प्रश्न या पट्ट्यात वेगळा आहे. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, शहरांत अनेकांच्या घरी उर्दू. शिवाय मराठवाडी बोली आणि पुस्तकी मराठी यांतले अंतर आहेच. समजावताना बोली चालवावी, परिभाषा मात्र पुस्तकातलीच लिहून घ्यावी. प्रश्नपत्रिका त्याच भाषेत येते.

वेळापत्रकही शिकवण्याचाच भाग आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि रास, त्यानंतर मुखेड-कंधारकडची कुटुंबे ऊसतोडीला. या काळात गैरहजेरीवर रागावण्यात अर्थ नसतो. पाच-सात मिनिटांचे, एकाच मुद्द्याचे ध्वनिमुद्रण फोनवर पाठवले तर ते फडावरही ऐकता येते. त्यासाठी समंत्रकाला पाच मिनिटांत थांबण्याचा सराव हवा, आणि व्याख्यात्याला तो भलताच जड जातो.

हे सगळे एका दिवसाच्या शिबिरात बसत नाही. शिबिर संपताना भरून घेतलेल्या अभिप्रायांतून समंत्रकाला काय जमले ते कळत नाही. पहिल्या सत्राचे स्वाध्याय तपासून झाले की प्रत्येकाने पाच-सहा घेऊन यावेत आणि एकमेकांचे शेरे वाचावेत. ही दुसरी बैठक अर्ध्या दिवसाची पुरते. तिची तारीख मात्र पहिल्याच शिबिरात ठरवलेली असावी.