शांततेचा भार

वाहनबंदी हा शब्द आपल्याला बहुधा वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर, विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या दिवशी भेटतो. ही बंदी काही तासांची असते. ती उठली की रस्ता पूर्वपदावर येतो, आणि आपणही. पण जगात काही ठिकाणी ती कायमची असते आणि तिथल्या जगण्याची सारी घडीच तिच्याभोवती बसलेली असते. अशा दोन ठिकाणांविषयी येथे लिहायचे आहे. एक नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यासमोरचे बेट, दुसरे माथेरान. पहिल्या ठिकाणी आम्ही दोघांनी सायकल चालवली आणि ती चालवत असताना दुसरे ठिकाण मनातून जाईना.

बेटाचे नाव स्खीरमोनिकोख. मराठी जिभेला ते अवघड खरे, पण अर्थ सरळ आहे : करड्या वस्त्रांतल्या साधूंचे बेट. मध्ययुगात ख्रिस्ती मठवासीयांची येथे मालकी होती, तिची खूण नावात उरली. सुमारे 16 किलोमीटर लांब आणि जेमतेम 4 किलोमीटर रुंद असे हे बेट. एकच गाव, हजाराच्या आत लोकवस्ती. 1989 पासून येथे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ज्या उथळ वाडन समुद्रात ते वसले आहे त्याला युनेस्कोने 2009 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाहुण्यांनी मोटार मुख्य भूमीवरच्या लाउवर्सोखच्या धक्क्यावर ठेवायची आणि फेरीबोटीत बसायचे. पाऊण तासाने बेटाचा धक्का येतो. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही तेथे गेलो तेव्हा ग्रोनिंगेनमध्ये नोकरीनिमित्त राहणारा धाकटा भाऊ (आमच्यापैकी एकीचा भाऊ, दुसऱ्याचा मेहुणा) बरोबर होता. त्याच्याकडे त्याची स्वतःची ग्रॅव्हल बाइक होती. शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, खडबडीत आणि हवा किंचित कमी भरलेली, अशी ती सायकल. आम्ही जाड टायरच्या साध्या सायकली भाड्याने घेतल्या.

वाळूच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या वाटा येथे पुष्कळ ठिकाणी डांबराच्या नाहीत, खडीच्याही नाहीत. त्या शिंपल्यांच्या आहेत. समुद्राच्या तळाशी साठलेले, आपल्याकडच्या तिसऱ्यांची आठवण करून देणारे रिकामे शिंपले उपसून आणायचे, वाटेवर पसरायचे, आणि उरलेले काम येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाकांवर सोपवायचे. चाकांखाली शिंपले फुटतात, चुरा होतो, चुरा दाबला जातो आणि एक पांढुरकी, टणक वाट तयार होते. पावसाचे पाणी तिच्यातून झिरपून जाते. नवा थर जिथे नुकताच पडलेला असतो तिथे मात्र चाक डगमगते. अशा जागी हँडल घट्ट आवळायचे नाही, वळण झटक्यात घ्यायचे नाही, पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हलका गियर टाकून पाय एकसारखे फिरवत राहायचे, हे भावाने शिकवले. डांबर माणसाला आपल्याकडे लक्ष द्यायला लावत नाही. ही वाट प्रत्येक चाकागणिक थोडी घडते आणि थोडी झिजते, म्हणून ती लक्ष मागते.

डोंगर नसलेल्या देशात चढाचे काम वारा करतो. पश्चिमेचा वारा पाठीशी घेऊन आम्ही पूर्वेकडे निघालो तेव्हा आपण चाळिशी ओलांडली आहे हे विसरायला झाले. परतताना त्याच वाऱ्याने ते व्याजासह वसूल केले. हेच वारे आणि समुद्राचे प्रवाह बेटाचीही ओढाताण करत असतात. पश्चिमेची वाळू झिजते, पूर्वेला साठते, आणि शतकानुशतके बेट हळूहळू पूर्वेकडे सरकते आहे. जुने गाव अठराव्या शतकाच्या आरंभी लाटांनी आणि वाळूने गिळले. आजचे गाव त्यानंतर वसवलेले. पूर्वेला एका ठिकाणी सायकलची वाट संपते आणि पुढे खारट दलदल व पक्ष्यांचे राज्य सुरू होते. तिथे सायकल टेकवून पायी जायचे. विणीच्या हंगामात तर पायी जाण्यालाही मज्जाव असतो. म्हणजे चालणाऱ्यासाठी सायकल थांबते आणि पक्ष्यासाठी चालणारा थांबतो. माघार घेण्याची ही उतरंड आम्हाला फार समंजस वाटली.

त्या टोकाशी उभे असताना जी शांतता लाभली तिचे वर्णन करण्याचा मोह आवरलेला बरा. आमच्या मनात त्या वेळी आले ते माथेरान.

माथेरानच्या शांततेचेही आपण वर्षानुवर्षे गोडवे गात आलो आहोत. आठशे मीटर उंची, तांबडी माती, दाट झाडी, आणि दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव. 2003 साली केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. 2017 च्या मे महिन्यात आम्ही आईंना घेऊन तेथे गेलो होतो. नेरळची छोटी गाडी रुळांवरून घसरण्याच्या प्रकारांनंतर आदल्या वर्षापासून बंद होती. आईंचे गुडघे दुखत होते. नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अंतर त्यांना चालवणार नव्हते. घोड्यावर बसणे अशक्य. उरली हातरिक्षा : एक माणूस पुढून ओढणार, दुसरा मागून रेटणार. आईंनी रिक्षाकडे पाहिले, ओढणाऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माणसाला जुंपून थंड हवा खायची नाही मला." तो पन्नाशीचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर माझी चूल कशी पेटायची?"

आईंपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. त्या बसल्या नाहीत. ठरलेल्या भाड्याइतके पैसे त्यांनी त्याच्यापुढे धरले, ते त्याने घेतले नाहीत. आम्ही नाक्यावरूनच परतलो. घाट उतरताना कोणी कोणाशी बोलले नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांनाही कमीपणा आला होता.

बेटावर आम्हाला उमगले ते एवढेच की वाहनाचा आवाज थांबला म्हणजे ओझे नाहीसे होत नाही. गॅसच्या टाक्या, भाजी, सिमेंट, आजारी माणूस, थकलेली म्हातारी, यांना कोणीतरी वाहून न्यावेच लागते. म्हणून शांत ठिकाणी गेल्यावर कान देऊन भागत नाही. येथले ओझे कोणाच्या अंगावर आहे, हे डोळे उघडून पाहावे लागते. स्खीरमोनिकोखवर ते वाटून घेतलेले दिसले. धडधाकट पाहुणा आपले ओझे आपल्या पायांनी वाहतो. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी बस आहे, आणि ती विजेवर चालते. रहिवाशांच्या मोटारी सरसकट हद्दपार केलेल्या नाहीत. बंदीचा मुख्य रोख चार दिवस मौजेसाठी येणाऱ्यांवर आहे. नियम अर्धामुर्धा वाटेल, पण तो ज्याची गरज कमी त्याच्यावर जास्त पडतो. आमच्या दृष्टीने नियमाच्या न्याय्यतेची याहून सोपी कसोटी नाही. गावातल्या बसथांब्यावर काठी टेकून उभ्या असलेल्या एका वृद्धेला आम्ही पाहिले. बस आली, ती चढली, बस गेली. या साध्या घटनेत कोणाचाही स्वाभिमान दुखावला नव्हता. आईंना त्या दिवशी दस्तुरी नाक्यावर एवढेच हवे होते.

यावर कोणी म्हणेल, सपाट, श्रीमंत देशाच्या बेटाची आणि सह्याद्रीतल्या गावाची तुलनाच अप्रस्तुत आहे. ते काही अंशी खरे आहे. माथेरानच्या चढावर सायकल हे उत्तर नव्हे, आणि हातरिक्षेवर जगणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न त्या बेटापुढे कधी नव्हता. पण तुलना संपत्तीची नाही, भाराच्या वाटणीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी माथेरानविषयी दिलेल्या आदेशात नेमकी हीच वाटणी हाताळली आहे. हातरिक्षा माणुसकीला धरून नाही, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करावी, असे न्यायालयाने सांगितले. तिच्या जागी ई-रिक्षा याव्यात आणि त्या खऱ्या हातरिक्षाचालकांच्याच हाती पडाव्यात, हेही सांगितले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉकची मुभा मिळाली, आतले रस्ते आणि पायवाटा मात्र त्यातून वगळल्या गेल्या.

निसर्गप्रेमींपैकी काहींना विजेच्या चाकाची ती बारीक घरघरही खुपेल. आम्हाला ती खुपणार नाही. तांबड्या मातीच्या वाटा तांबड्याच राहाव्यात ही आमचीही इच्छा आहे, कारण पायांखालची वाट जिवंत असावी हे आम्ही शिंपल्यांवरून जाताना अनुभवले आहे. परंतु ज्या शांततेसाठी एका माणसाला दुसऱ्याचे ओझे ओढत चढ चढावा लागतो, तिला शांतता म्हणणे आम्हाला जड जाते. त्याचा श्वास तेवढा आपल्याला ऐकू येत नसतो. आईंना तो ऐकू आला होता. आणि त्या पन्नाशीच्या गृहस्थाचा प्रश्न अजून तसाच उभा आहे : नवे चाक आले, तर ते चालवायला माझाच हात असेल ना?