कुडाळचा उकाडा आणि एम.एस.चा रुग्ण

कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की लाल माती, माड, आंब्याची झाडे पाहून मन प्रसन्न होते. भंगसाळ नदीकाठचे हे गाव आज तालुक्याची मोठी बाजारपेठ आहे. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम.एस., झालेल्या माणसाला आधी जाणवतो तो येथील दमट उकाडा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या आवरणावरच हल्ला करते. विजेच्या तारेचे वेष्टन झिजावे तसे होते. नजर अंधूक होते, पाय जड पडतात, तोल जातो, लघवी आवरत नाही. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. तो संसर्गाने पसरत नाही आणि ही करणीही नव्हे. गाऱ्हाण्यांत वेळ न दवडता मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवावे. मोठ्या आजारासाठी येथील पुष्कळ लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात.

अंग तापले की एम.एस.चा त्रास वाढतो. एम.आर.आय. नव्हता तेव्हा डॉक्टर रुग्णाला गरम पाण्यात बसवून हीच परीक्षा घेत. आपल्याकडे मात्र न्हाणीतले कढत पाणी म्हणजे औषध! या रुग्णाने साध्या किंवा कोमट पाण्यानेच अंघोळ करावी. बाजारहाट सकाळी उरकावा, दुपारी विश्रांती घ्यावी, मानेवर ओला पंचा ठेवावा. लघवीच्या भीतीने पाणी पिणे कमी करू नये. अंग निवल्यावर त्रास उतरला तर घाबरू नये. पण नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, ताप आला किंवा लघवीला जळजळ झाली, तर डॉक्टरांना गाठावे. बरे वाटले म्हणून औषध सोडू नये.

न्हाणीत धरायला दांडा बसवावा, पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्राची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करावी. १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या मुंबई व पुणे शाखांकडूनही मार्गदर्शन मिळते.

शेवटी एकच सांगणे. भर दुपारी सून चुलीपुढून उठून आडवी झाली, तर तिला आळशी म्हणू नका. तिचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, पण तो खरा असतो. अशा वेळी चुलीपुढे घरच्या पुरुषाने बसावे. त्यात कमीपणा कसला?