स्पॅनिश शिकायला कुठं जायचं?

आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली एक मुलगी हैदराबादला स्पॅनिश शिकते, असं सांगितलं की कळमनुरी-वसमतकडची माणसं आधी हसतात, मग विचारतात, "सर, उस्से क्या होता?" आम्हाला त्यात नवल वाटत नाही. हैदराबाद आमच्या भागाला परकं कधीच नव्हतं. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख त्याच राज्यात होता. तिथलं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झालं. परकी भाषा तिथं मुळाक्षरांपासून शिकवतात. उर्दू माध्यमातल्या पोरीला तिथं उशिरा आल्याचं ओझं वाटत नाही.

शिवाय आमच्या पोरांची जीभ या भाषेसाठी आधीच तयार असते. स्पॅनिशमधला 'ख' घशातून येतो, आमच्या 'ख़ुदा'तल्यासारखा. शब्दही ओळखीचे निघतात. साखरेला ते 'असूकार' म्हणतात. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि अंदलुसमधून त्यांच्या चहात पडली. कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात, तो अरबी 'अल-क़ुत्न'. आमच्या जिल्ह्यातल्या काळ्या मातीचं पीक असं तिकडच्या भाषेत भेटतं. आणि 'ओखाला' म्हणजे 'असं होवो तर बरं'. त्याच्या आत अल्लाहचं नाव आहे, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असो वा नसो.

आता मुलीला पुढं परदेशात जाऊन शिकायचं आहे आणि सल्ला आमच्याकडं मागितला आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मंडळींचं मत एकच, ग्रॅनाडा. कारण अल्हम्रा, कारण कुर्तुबा. इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले होते, त्यांची कुर्तुब्याच्या मशिदीवरची नज्म उर्दूवाल्यांच्या ओठावर असते. आम्हालाही ती आवडते. पण आठवणींच्या आधारावर फी भरता येत नाही. कुर्तुब्याची ती मशीद १२३६ पासून चर्च आहे आणि तिथं नमाजाला परवानगी नाही. जायचं ते आज जिवंत असलेल्या माणसांची भाषा शिकायला.

सालामांका आहे. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. नेब्रिखानं स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण याच गावात १४९२ साली काढलं. त्याच वर्षी जानेवारीत ग्रॅनाडाची मुस्लिम सत्ता संपली होती. एकाच वर्षात एक राज्य गेलं आणि एका भाषेला व्याकरण मिळालं. आमच्या पोरांनी दोन्ही गोष्टी शिकाव्यात.

मेक्सिकोही आहे. स्पॅनिश बोलणारी सर्वांत जास्त माणसं स्पेनमध्ये नाहीत, मेक्सिकोत आहेत. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना १९२१ पासून ही भाषा शिकवतात. मधल्या स्पेनमध्ये 'असूकार'चा उच्चार 'अथूकार' होतो, मेक्सिकोत साधा 'स' राहतो. अर्जेंटिनात 'तू'चं रूपच वेगळं. मराठवाड्याची मराठी आणि पुण्याची मराठी, यांत खरी कुठली असं विचारण्यासारखंच हे. जिथं पुढं काम करायचं, तिथली बोली कानाला लागली पाहिजे, एवढंच.

मुलीचे अब्बा मोंढ्यात हमाली करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "सर, सूद का पैसा नक्को." म्हणजे बँकेचं कर्ज बाद. केंद्राची 'पढो परदेश' योजना परदेशी पदव्युत्तर शिक्षणाच्या कर्जावरचं काही काळाचं व्याज भरून द्यायची. तीही २०२२-२३ पासून बंद झाली. घर गहाण टाकावं असं आम्ही कोणत्या तोंडानं सांगणार? धाकटी दोन भावंडं अजून शाळेत आहेत.

म्हणून आम्ही तिला सांगितलं ते असं. आधी हैदराबादचं शिक्षण पुरं कर. 'देले' परीक्षेची बी-दोन पायरी इथंच गाठ. त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. मग नोकरी धर आणि स्वतःच्या पगारातून चार महिन्यांसाठी जा. पायाच कच्चा असताना गेलीस तर परदेशात क्रियापदं पाठ करण्यातच पैसे संपतील. ती म्हणाली, "सर, मग ग्रॅनाडाच. पण अल्हम्रासाठी नाही. तिथं विद्यापीठाचं भाषाकेंद्र आहे आणि २००३ साली उघडलेली मशीदही आहे. अम्मीला झोप लागेल." हे कारण आम्हाला सुचलं नव्हतं. ते अब्बांनाही पटलं.

राहिला प्रश्न आपला. मिनाराच्या रंगासाठी वर्गणी काढायला निघालो की संध्याकाळपर्यंत पावतीपुस्तक संपतं. कर्ज-ए-हसना ही आपल्या दीनचीच शिकवण. बिनव्याजी द्यायचं, मुदतीनं परत घ्यायचं. दर जुम्म्याला एका मोहल्ल्यानं थोडं थोडं बाजूला ठेवलं, तर एका मुलीचं विमानाचं तिकीट निघेल. ती कमवेल, फेडेल आणि तोच पैसा दुसरीला जाईल. आम्ही दोन शिक्षकांनी आपल्या पगारातून ही सुरुवात केली आहे. रक्कम सांगण्यासारखी नाही, पण वही उघडली आहे आणि तिच्यात पुढची पानं कोरी आहेत.