उखळीचा सांधा

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येऊ लागला. चाक खड्ड्यात उतरले की एकदाच 'खट्', आणि मग शांतता. धाटावहून कोलाडमार्गे पेणला शिकवायला जाणाऱ्या आम्हां दोघांना त्याचा अर्थ शोधावासा वाटला नाही, कारण अर्थ तयारच होता : रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हापासून रायगडात वाहनांच्या बहुतेक दुखण्यांचे निदान या एका शब्दात होते.

आईला मात्र ते पटत नव्हते. दर पंधरवड्याला आम्ही तिला अलिबागला डॉक्टरांकडे नेत असू. ती पुढे डावीकडे बसे. "हा आवाज माझ्या पायाशी येतो रे," ती म्हणे. आम्ही उत्तर देत असू, "रस्ता आहे, आई."

दिवाळीच्या सुटीत अखेर अंगणात गाडी घेतली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलली आणि भरवशासाठी खाली स्टँड ठेवला. एकाने चाक वरून-खालून धरून हलवले. दुसऱ्याच्या सांध्यावर टेकलेल्या बोटाला ते 'खट्' जाणवले. दोष बॉल जॉइंटमध्ये होता. वाटीत बसलेला पोलादी गोळा, भोवती ग्रीस, त्यावर रबरी टोपण. चाकाला वर-खाली होता यावे आणि वळताही यावे, म्हणून ही योजना. खांद्याच्या आणि खुब्याच्या अशाच रचनेला शाळेच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' म्हटले होते.

चाक काढले. स्प्लिट पिन ओढून नट सैल केला. तो पूर्ण न काढता नकलच्या कडेवर हातोड्याचे घाव घातले, तेव्हा तासाभराने गंजलेला दांडा सुटला. लोअर आर्मचे तीन बोल्ट निघाले आणि सांधा हातात आला. रबर फाटलेले होते. फाटीच्या कडा कडक, जुन्या. ग्रीसच्या जागी तांबड्या मातीचा लगदा. खड्ड्यांनी घाव घातले हे खरे. पण पाणी आणि धूळ आत जायला वाट कित्येक महिने मोकळी होती. वाकून पाहिले असते तर दिसली असती.

नवा सांधा बसवला. पिनेचे छिद्र जुळेना, तेव्हा नट मागे न फिरवता थोडा पुढेच आवळला. तसाच नियम आहे. उजवीकडचाही बदलला. मग चाकांची अलाइनमेंट करायला नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी जुना गोळा दोन बोटांनी सहज फिरवला. "सर, हा वाटीतून निसटला असता तर चाक बाहेर लोळलं असतं. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं."

आम्ही काही बोललो नाही. एका अल्पविरामाने अर्थ कसा पालटतो, यावर वर्गात तासभर बोलणारे आम्ही पाच महिने एक स्पष्ट खूण ऐकत होतो आणि ती ओळखणाऱ्या एकमेव श्रोतीला गप्प करत होतो. रस्त्याविषयीची तक्रार खरी होती. म्हणूनच तिच्याआड आमची हयगय इतकी सुखाने लपली.

पुढच्या फेरीत नागोठण्याच्या अलीकडे गाडी हादरली. आईने विचारले, "हा रस्ताच ना?"

आम्ही गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून वाकून पाहिले.