पैनगंगेच्या कांठीं शनैश्चर

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाकडे, सागवानाच्या रानांत वसलेलें किनवट हें गांव प्रवासवर्णनांत फारसें आढळत नाहीं. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. जवळूनच पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली कीं विदर्भ लागतो. पूर्वी हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेंत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. म्हणूनच येथें मराठीबरोबर तेलुगु, गोंडी, कोलामी व बंजारा बोलीही कानीं पडतात. माहूरची रेणुका, उनकेश्वरचे उष्ण झरे आणि इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पाहावयास प्रवासी या बाजूस येतात. आम्हीही २०२५ च्या मार्गशीर्षांत त्याचसाठीं गेलों होतों. परंतु त्या मुक्कामांत आमचें चित्त वेधून घेतलें तें शनीनें.

शनिवारीं सकाळीं गांवांतील मारुतीच्या देवळांत गेलों. हातांत तेलाची वाटी, रुईच्या पानांची माळ व चिमूटभर काळे उडीद घेतलेलीं माणसें रांगेनें उभीं होतीं. मारुतीच्या भक्तास शनि पीडा देत नाहीं, अशी लोकांची श्रद्धा आहे. शनीचें स्वतःचें स्थान मराठवाड्यांत म्हणावें तर तें गोदाकांठचें राक्षसभुवन. तेथेंच १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला. नगरकडील शिंगणापूर तर सर्वांस ठाऊक आहेच. तेथील उघड्या चौथऱ्यावर स्त्रियांस जाण्यास एप्रिल २०१६ मध्यें मोकळीक झाली. देवापुढील चौथरा मोकळा झाला, तरी घराचा उंबरठा अनेकदां तसाच राहतो, याचा प्रत्यय आम्हांस त्याच दिवशीं आला.

आमचे यजमान म्हणजे आमचे एक जुने विद्यार्थी. त्यांची कन्या बारावी उत्तीर्ण झालेली. नांदेडास राहून परिचारिकेचें शिक्षण घ्यावें, अशी तिची उत्कट इच्छा. वडील अनुकूल होते, परंतु यजमानांच्या मातोश्री म्हणाल्या, "गुरुजी, पोरीची रास मीन. साडेसाती ऐन मध्यावर आहे. ती सरल्याखेरीज तिला परगांवीं धाडणें नाहीं." मुलगी खालीं मान घालून बसली होती. साडेसाती सरेपर्यंत तिचें शिकण्याचें वय कोठें राहणार?

मातोश्रींच्या श्रद्धेची थट्टा करणें आम्हांस रुचलें नाहीं. म्हणून शास्त्राचाच आधार घेतला. शनैश्चर म्हणजे शनैः शनैः, हळूहळू चालणारा. या नांवांत मंद गतीखेरीज दुसरा अर्थ नाहीं. सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास त्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. बारा राशींत तीं वांटलीं असतां प्रत्येकीस अडीच वर्षें येतात. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास व पुढची रास, अशा तीन राशींचीं मिळून साडेसात वर्षें होतात. २९ मार्च २०२५ रोजीं शनि मीनेंत आला, तेव्हां कुंभ, मीन व मेष या तिन्ही राशींस साडेसाती आहे. बारांपैकीं तीन राशी म्हणजे चतुर्थांश मनुष्यजात! आमच्या चाळीस मुलांच्या वर्गांत दहाएक मुलें नेहमींच साडेसातींत असणार. परंतु निकाल कधीं त्या हिशेबानें लागलेला आम्हीं पाहिला नाहीं.

मातोश्रींची स्वतःची रास तूळ. आम्हीं बोटांवर गणित करून विचारलें, "काकू, १९८० ते १९८७ च्या सुमारास तुमची साडेसाती होती. त्या वर्षांत काय काय घडलें?" त्या क्षणभर थांबल्या. त्याच काळांत पतीची नोकरी सुटली होती. आणि त्याच काळांत त्यांनीं शिवणयंत्र घेऊन, रात्रीं जागून, दोन मुलांचीं शिक्षणें सांभाळलीं होतीं. दुःख आलें, तसें घरही उभें राहिलें.

"आतां शनीचें कारकत्व पाहा," आम्ही म्हणालों. "श्रम, सेवा, वृद्ध, रोगी आणि दीर्घ आयुष्य हे त्याचेच विषय. तूळ ही त्याची उच्च रास. वृषभ व तूळ लग्नास तर तो राजयोग देणारा मानिला आहे. जी मुलगी रोग्यांची सेवा शिकावयास निघाली, ती शनीच्याच दारीं निघाली. तिला अडविणें ही त्याची उपासना कशी होईल?"

रात्रीं सर्व मंडळी गच्चीवर गेलों. भाद्रपदांच्या चार ताऱ्यांच्या चौकोनाखालीं शनि स्थिर प्रकाशत होता. स्तोत्रांत काळासावळा वर्णिलेला हा ग्रह डोळ्यांस मात्र फिकट पिवळा दिसतो. सूर्यापासून तो सुमारें १४३ कोटी किलोमीटर दूर आहे. तेथून तो या गच्चीवरील मुलीचा मार्ग अडवितो, असें खगोलशास्त्र सांगत नाहीं. आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें गोळा करणारीं गोंड-कोलाम कुटुंबें राहतात. त्यांच्यांतील कितीएक वृद्धांची जन्मवेळ कोणीं टिपली नाहीं, म्हणून त्यांस साडेसाती माहीत नाहीं. कष्ट मात्र आपल्यापेक्षां अधिकच आहेत. कष्ट पत्रिका पाहून येत नाहींत.

मातोश्री बराच वेळ त्या ताऱ्याकडे पाहत होत्या. मग नातीस जवळ घेऊन म्हणाल्या, "जा बाई. पण शनिवारीं निघूं नकोस, रविवारीं नीघ." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. एवढी तडजोड शनीसही मान्य व्हावी.

ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, शनि धिमेपणानें व नेटानें चालण्याचा धडा देतो, थांबण्याचा नव्हे. तो स्वतः मंद चालतो. पण थांबत मात्र नाहीं. आपल्या घरांत साडेसातीच्या नांवाखालीं कोणाचें शिक्षण, कोणाचा विवाह वा कोणाचा उद्योग खोळंबला असेल, तर वाचकांनीं एकवार विचार करावा कीं, हा अडथळा ग्रहाचा आहे कीं गृहाचा.